बेडवर्ड वेडा होता का?

या वीकेंडला जमैकाचा इतिहास चाळताना एका नावापाशी अडकलो : अलेक्झांडर बेडवर्ड. ऑगस्ट टाऊनचा धर्मोपदेशक, नदीच्या पाण्याने लोकांना बरं करणारा. १९२१ मध्ये अनुयायांना घेऊन तो किंग्स्टनकडे निघाला, तर ब्रिटिश सरकारने पकडून चक्क वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. १९३० मध्ये तो तिथेच वारला. 'ओबिया' म्हणजे तिथले तंत्रमंत्र-तोडगे. १८९८ च्या कायद्याने तो तर गुन्हाच! मग 'मला करणी झालीय' हे डॉक्टरला सांगणार कोण? एरर मेसेज न वाचताच मशीन बंद करावं, तसलाच प्रकार.

पुढे १९७८ मध्ये त्याच बेलव्ह्यू इस्पितळात डॉ. फ्रेडरिक हिकलिंग यांनी रुग्णांना गाणी-नाटकं करायला लावली. म्हणजे आधी ऐकलं. श्रद्धा कुठे संपते नि आजार कुठे सुरू होतो, हे ऐकल्याशिवाय कळणार कसं, सांगा?