दिवसा राम, रात्री कृष्ण

गेल्या जूनमधली गोष्ट. रत्नागिरीत पाऊस असा लागला होता की दुपारी चारलाच दिवे लावावे लागले, आणि ते लावल्यावर दहा मिनिटांत वीज गेली. आम्ही तिघं ओटीवर सतरंजी टाकून बसलो होतो. इन्व्हर्टरच्या एका बल्बखाली ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज : द कार्ड गेम’चा डाव मांडलेला, माझा थ्रेट सत्तेचाळीसवर. पन्नास झाला की खेळाडू बाद. आत कॉटवर पडलेली आजी कधी उठून दारात आली ते कळलंच नाही. ती बराच वेळ पत्त्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, “गोल नाय गो हे?”

हा लेख तिच्या या प्रश्नाबद्दल आहे. पण आधी आमच्या खेळाबद्दल थोडं सांगायला हवं.

फॅन्टसी फ्लाइट गेम्स या अमेरिकी कंपनीने हा खेळ २०११ साली काढला. नेट फ्रेंच हा त्याचा मूळ रचनाकार. पत्त्यांचा खेळ म्हटला की समोर कुणीतरी हरायला लागतो. इथे तसं नाही. सगळे खेळाडू एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला पत्त्यांचा एक गठ्ठा. त्या गठ्ठ्यातून कोळी निघतात, ऑर्क निघतात, वाट चुकवणारं जंगल निघतं. आपण आपले नायक घेऊन त्यातून वाट काढायची. जिंकलो तर सगळे, हरलो तर सगळे. मूळ खोक्यात तीन मोहिमा आहेत आणि तिसरी, डोल गुल्दूरच्या कोठडीतून सुटकेची, कुप्रसिद्ध आहे. तिच्यात सुरुवातीलाच तुमचा एक नायक कैदेत पडतो आणि तो सुटेपर्यंत सगळ्यांनी मिळून दर फेरीत फक्त एकच मित्रपत्ता खेळायचा. म्हणजे दर फेरीला वाटाघाटी. तुझा मोठा आहे पण माझा आत्ता लागतोय, तू थांब. या एका नियमापायी आमच्यात जितक्या चर्चा झाल्या तितक्या ऑफिसच्या स्प्रिंट प्लॅनिंगमध्येही होत नाहीत. आणि इथे निष्कर्ष तरी निघतो.

मी पुण्यात चार वर्षं नोकरी केली. घरून काम करायची मुभा मिळाल्यावर रत्नागिरीला परत आले. इथे हा खेळ कुणाला माहीत असण्याची शक्यता शून्य होती, म्हणून दोघा शाळूसोबत्यांना मी तो शिकवला. तिघांना पुरतील इतके पत्ते हवेत म्हणून दुसरं खोकं मागवलं. पावसाळ्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पिणाऱ्या गावात कागदी पत्ते वाचवायचे म्हणून प्रत्येक पत्त्याला प्लास्टिकचं कव्हर घातलं. तरीही सप्टेंबरात एका गठ्ठ्याला बुरशीचा वास यायला लागलाच.

आजीचा जन्म सावंतवाडीचा. तिचे वडील संस्थानात कारकून होते. लग्न होऊन ती रत्नागिरीला आली त्याला साठ वर्षं होऊन गेली, पण भाषा अजून मालवणीच. वडील आणि त्यांचे दोन स्नेही रविवारी माजघरात पांढरी चादर अंथरून गोल पत्ते खेळत, असं तिने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. मुलींनी पत्त्यांना हात लावायचा नाही. बघायला मात्र कुणी हरकत घेत नसे. आमच्या घरात हा विषय आजवर कधी निघाला नव्हता, कारण तो काढायला कुणाला काही कारणच नव्हतं.

ते पत्ते म्हणजे गंजिफा. सावंतवाडीच्या राजवाड्यात बनतात, लग्नात भेट द्यायला छान दिसतात, एवढंच मला माहीत होतं. त्यांनी खेळतात हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

हा खेळ मूळचा आपला नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा अभिमान दुखायला नको. शब्द फारसी आहे आणि खेळ मुघलांबरोबर आला. त्याचा हिंदुस्थानातला सर्वांत जुना प्रसिद्ध उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात आहे. १५२७ साली त्याने सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवला, कारण त्याला या खेळाची फार आवड होती आणि त्याने तो मागितला होता. पानिपतची लढाई होऊन एकच वर्ष झालेलं, खानवा नुकतंच उरकलेलं, आणि बादशहा एका चाहत्याला पत्त्यांचं पार्सल पाठवतोय. मला बाबर यापूर्वी कधी इतका ओळखीचा वाटला नव्हता.

त्याच्या नातवाच्या दरबारात हा खेळ कुठवर गेला ते अबुल फजलने ‘आईने अकबरी’त लिहून ठेवलंय. बारा रंग आणि प्रत्येकात बारा पत्ते, म्हणजे एकूण एकशे चव्वेचाळीस. प्रत्येक रंगाला एक राजा, एक वजीर आणि खाली एक ते दहा. हे रंग बदाम-किलवरसारखे मुके नव्हते. अश्वपती, गजपती, गडपती हे समजण्यासारखे आहेत. पण पुढे नवपती येतो, तो नौकांचा स्वामी, जहाजावरच्या सिंहासनावर बसलेला. मग देवांचा राजा, त्याच्यानंतर जिनांचा राजा म्हणून साक्षात सुलेमान, वनातल्या श्वापदांचा राजा आणि शेवटी सापांचा. हे वाचताना मी खुर्चीत सरळ बसले. देव, जिन, श्वापदं, सर्प, गड, आरमार! आमच्या खोक्यावर ‘फॅन्टसी’ असं छापलेलं असतं; अबुल फजलला त्याची गरज वाटली नाही, एवढाच फरक.

पुढे सर्वदूर पसरला तो आठ रंगांचा, शहाण्णव पत्त्यांचा मुघल गंजिफा. आणि त्याच सांगाड्यावर हिंदू कारागिरांनी दशावतार बसवले. मत्स्य ते कल्की असे दहा रंग, प्रत्येकाचा राजा आणि प्रधान धरून बारा पत्ते, एकूण एकशे वीस. आजच्या भाषेत सांगायचं तर यंत्रणा तीच ठेवून कथा बदलली. बंगालात विष्णुपूरला हे झालं, ओडिशात झालं (तिथे जगन्नाथही पत्त्यांत आला), आणि आपल्याकडे सावंतवाडीत झालं. म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वडियारांनी तर एकोणिसाव्या शतकात स्वतः नवेनवे खेळ रचले. त्यांतल्या काहींमध्ये तीनशेहून अधिक पत्ते आहेत. दर महिन्याला नवा एक्स्पान्शन पॅक विकत घेणाऱ्या आमच्यासारख्यांना हा राजा आपला वाटावा. त्याला पॅकची वाट बघावी लागत नव्हती, हा त्याचा फायदा.

कोकणात दशावतार रुजायला अडचण नव्हती. जत्रेत रात्रभर दशावतारी नाटक बघणाऱ्या माणसाला यांतली पात्रं शिकवावी लागत नाहीत. आणि परशुराम तर आमचा गाववालाच. चिपळूणजवळ त्याचं देऊळ आहे, कोकणची भूमी त्याचीच म्हणतात. हातात परशुरामाचा राजा आल्यावर कोकणी माणसाला काय वाटत असेल ते मला कळतं, कारण अरागॉर्नचा पत्ता हातात आल्यावर मला जे वाटतं ते दुसरं काय असतं?

आणि सावंतवाडी परकी नाही. १८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड निघाला तो रत्नागिरी आणि सावंतवाडी मिळूनच. संस्थान विलीन झाल्यावर सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यातच आली. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ला. आजीच्या लेखी आजही तो एकच जिल्हा आहे.

ऑगस्टमध्ये मी सावंतवाडीला गेले. कोकण रेल्वेने तीनेक तास, मग स्टेशनवरून रिक्षा, आणि समोर मोती तलाव. राजवाड्यात एका दालनात कारागीर मांडी घालून पत्ते रंगवत बसलेले असतात आणि आपल्याला जवळून बघू देतात. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खडूचा लेप, मग दगडाने घोटून गुळगुळीत करायचं, रंगवायचं आणि शेवटी लाख. लाखेचं कारण मला कुणी समजावायची गरज पडली नाही. माझ्या पत्त्यांची प्लास्टिकची कव्हरं आणि ही लाख एकाच पावसाला दिलेली दोन उत्तरं आहेत. लाख जास्त टिकली आहे.

ही कला जवळजवळ संपली होती. कारखान्यात छापलेले बावन्न पत्ते स्वस्तात मिळायला लागल्यावर हाताने रंगवलेले एकशे वीस कोण घेणार? १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी उरलेल्या एका वृद्ध कारागिराला, पुंडलिक चितारींना, गाठलं. त्यांच्याकडून दोघं स्वतः शिकले आणि मग राजवाड्यातच चित्रकारांना शिकवायला सुरुवात केली. एका माणसाच्या हातातून कला परत आली. आता तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. हे काम किती मोठं आहे हे त्या दालनात दहा मिनिटं उभं राहिलं तरी कळतं.

मी दशावताराचा एक संच घेतला. किंमत सांगत नाही, आई हे वाचते. पैसे देताना विचारलं, हे घेऊन खेळतं का कुणी? हसून उत्तर मिळालं, बहुतेक लोक फ्रेम करून घेतात.

परतीच्या गाडीत हेच डोक्यात घोळत राहिलं. चित्र काढायची कला एका माणसाच्या हातात जिवंत राहू शकते. खेळ राहू शकत नाही. गंजिफाला तिघं लागतात. एकट्या माणसाला सगळे नियम पाठ असले तरी तो खेळाडू नाही, फक्त साक्षीदार आहे. चितारी एक उरले आणि पत्ते वाचले. खेळणारा एकच उरतो तेव्हा खेळ आधीच संपलेला असतो.

नियम मला मिळाले तेही वळसा घेऊन. रुडॉल्फ फॉन लायडन हा बर्लिनमध्ये जन्मलेला माणूस १९३३ साली मुंबईत आला आणि इथला नावाजलेला कलासमीक्षक झाला. त्याने भारतभर गंजिफा गोळा केले. म्हैसूरच्या पत्त्यांवर १९७३मध्ये पुस्तक लिहिलं, आणि १९८२मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधल्या प्रदर्शनासाठी गंजिफावर. माझ्या पणजोबांचा खेळ मी अशा रीतीने एका जर्मन माणसाच्या मेहनतीवर आणि इंग्रजीतून शिकले. याची लाज वाटावी का, हे अजून ठरलेलं नाही. त्याचे आभार मात्र नक्की.

खेळ सांगायला सोपा आहे. तिघांना चाळीस-चाळीस पत्ते. बावन्न पत्त्यांच्या खेळातला सगळ्यांना मारणारा हुकूम इथे नाही. ज्या रंगाची उतारी त्याच रंगाच्या वरच्या पत्त्याने हात जिंकायचा. मेख अशी की पाच रंगांत राजा-प्रधानानंतर दहा मोठा आणि एक सर्वांत लहान, तर उरलेल्या पाच रंगांत उलटं, एक मोठा आणि दहा लहान. आणि कुठल्या रंगातले कुठले पत्ते पडून गेले ते लक्षात ठेवायचं. खेळ सगळा यातच आहे. एकशे वीस पत्ते, दहा रंग, कागद-पेन नाही. मी दिवसभर डेटाबेसशी झगडणारी बाई. पहिल्या डावात पंधराव्या हाताला माझी मेमरी संपली.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात आम्ही तिघं बसलो. आजीला खुर्ची दिली. सतरंजीवर मुद्दाम पांढरी चादर घातली. पुस्तकाप्रमाणे ज्याच्याकडे रामाचा राजा त्याने सुरुवात करायची, तो माझ्याकडे होता, मी टाकला. आजी म्हणाली, “दिवे लागले मां? मगे कृष्ण.”

दिवसा राम, रात्री कृष्ण. हे पुस्तकातही होतं. मी वाचलं होतं आणि विसरले होते. तिने ते कुठेच वाचलेलं नव्हतं. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी दाराशी बसून बघितलं होतं.

मी रामाचा राजा परत घेतला. कृष्णाचा राजा मित्राकडे निघाला. खेळ रखडत चालला, आम्ही सारखे विचारत होतो की वराहाचा प्रधान गेला का, कुणाला आठवतंय का. नियमाप्रमाणे हे एकमेकांना विचारायचं नसतं, ज्याचा त्याने विचार करायचा. पण आम्हाला सवय दुसऱ्या खेळाची. तिघं मिळून आठवत होतो. फॉन लायडनने कपाळावर हात मारला असता.

आमच्या त्या दुसऱ्या खेळाचंही आता वय झालंय. २०२०नंतर कंपनीने नव्या मोहिमा काढणं थांबवलं. नंतर जुनंच साहित्य नव्या खोक्यांत घालून विकलं. पण जगभरच्या चाहत्यांनी ‘अ लाँग-एक्स्टेंडेड पार्टी’ नावाचा गट करून स्वतःच नवे पत्ते, नव्या मोहिमा बनवायला घेतल्या, फुकट, आवडतं म्हणून. त्या छापून आम्ही खेळतो. आमच्या तिघांपैकी एक जण जानेवारीत कॅनडाला जाणार आहे. मग आम्ही दोघंच उरू. तो खेळ दोघांत चालतो, एकट्यानेही चालतो. गंजिफा नाही चालत.

डाव अर्ध्यावर आला होता. मी मत्स्याचा एक पत्ता टाकू की नको करत होते, कारण वरचे किती बाहेर आहेत ते कुणालाच आठवत नव्हतं. आजीने खुर्चीतूनच वाकून पाहिलं.

“टाक,” ती म्हणाली. “राजा गेलो, प्रधान गेलो. तुझो पत्तो आता हुकूम झालो.”

हुकूम म्हणजे त्या रंगातला उरलेल्यांत सर्वांत मोठा पत्ता, हे तिने मग समजावलं. मी टाकला. हात माझा झाला. मित्राने तक्रार केली की आजी कुणाच्या बाजूने खेळतायत ते आधी ठरवा. आजीने त्याला उत्तर दिलं नाही. ती पडलेले पत्ते मोजत होती. पुढच्या रविवारी चौथा मोडा आणा, म्हणाली. खुर्चीतून नीट दिसत नाही.