गुलाबी पाण्यातला डोळा

चला, उतरा रिक्षातून. तुम्ही 2001च्या सुमारास हैदराबादेत आहात, बंजारा हिल्सवरच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत. धुरानं घसा खवखवतोय, शर्ट पाठीला चिकटलाय. आत तेलुगू, दखनी, मराठी एकदमच कानावर आदळतात. कुणीतरी डबा उघडलाय, लोणच्याचा वास सुटलाय.

समोर नांदेडकडची एक बाई पोराला घेऊन बसलीय. पोरानं पानाच्या चुन्याची पुडी दाबली, ती फुटली आणि चुना थेट डोळ्यात. डोळा आता पांढुरका झालाय, लाल शिरांनी भरलाय. कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या कडेला, काळं संपून पांढरं सुरू होतं तिथं, त्याचा वरचा थर सतत नवा करणाऱ्या मूळ पेशी असतात. चुन्यानं त्याच जाळल्या. नुसता दुसऱ्याचा कॉर्निया शिवून भागणार नाही. वरचा थर राखायला कुणी उरलंच नाही.

गाऊन, टोपी, मास्क चढवा. प्रयोगशाळेत स्पिरिटचा वास, हवा गाळणाऱ्या यंत्राची घरघर. शिंकू नका हं! बुरशीचा एक कण पडला तर सगळी मेहनत पाण्यात. त्या बशीत पोराच्या चांगल्या डोळ्याच्या कडेचा जेमतेम दोन मिलिमीटरचा तुकडा आहे. त्याच्याखाली कुण्या बाळंतिणीनं दिलेला, बाळाभोवतीच्या पिशवीचा पापुद्रा, तपासून गोठवून ठेवलेला. वर गुलाबी द्रव, त्यात पोराच्याच रक्तातला सीरम. परदेशात अशा मूळ पेशी वाढवायला उंदराच्या पेशींचं अंथरूण घालतात. मला विचाराल तर आपला पापुद्रा बरा.

इन्क्युबेटरचं दार उघडा. 37 अंशांची दमट ऊब मास्कवर येते. बाहेरच्या उन्हापुढे हा गारवाच म्हणायचा! आता काही दिवस पुढे सरका आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. तुकड्याच्या कडेनं पेशी बाहेर सरकतायत, शहाबादी फरशी बसवावी तशा एकमेकींना खेटून. द्रव पिवळटला? बदला. दहा-चौदा दिवस हेच चालायचं. मान आखडते, पण बशीपासून हलवत नाही.

मग शस्त्रक्रिया. डोळ्यावर चढलेला शिरांचा पडदा सोलून काढतात, रक्त थांबवतात, पेशींसकट पापुद्रा पसरून शिवतात.

बाहेर आई तुमचाच हात धरते. "चांगल्या डोळ्याचंबी कापलं म्हनं. त्यो जानार न्हाई न्हवं?"

तुम्ही उत्तर शोधेपर्यंत नर्स ओरडते, "कुछ नै होता अम्मा, भर जाता!" आणि पुढच्या पेशंटला हाक मारते.