नव्व्याण्णव फुग्यांची कुळकथा

१९८२ च्या जूनमध्ये पश्चिम बर्लिनमध्ये रोलिंग स्टोन्सचा कार्यक्रम झाला. तिथे सोडलेले फुगे वाऱ्याबरोबर आभाळात चढले. ते पाहणाऱ्यांत कार्लो कार्गेस हा गिटारवादक होता. हे फुगे भिंतीपलीकडे पूर्व बर्लिनवर गेले, तर तिथल्या पहारेकऱ्यांना काय वाटेल, असा विचार त्याच्या मनात आला. '९९ लुफ्टबालोन्स' हे गाणे त्या विचारातून जन्मले.

कार्गेसच्या शब्दांना कीबोर्डवादक उवे फारेनक्रोग-पेटरसनने चाल दिली. गायली ती गाब्रिएले केर्नर, म्हणजेच नेना. हे तिघे ज्या बँडमध्ये होते, त्याचे नावही तेच. १९८३ मध्ये गाणे आले, तेव्हा पश्चिम जर्मनीतले तरुण बँड इंग्रजीची नक्कल सोडून आपल्या रोजच्या भाषेत गाऊ लागले होते. अमेरिकेची पर्शिंग क्षेपणास्त्रे देशात येणार होती आणि त्यांच्या विरोधात लाखो लोक रस्त्यावर उतरत होते. गाण्यातली गोष्ट त्यांच्याच भीतीची होती. क्षितिजावरचे फुगे परग्रहावरून आलेले समजून एक सेनापती विमाने धाडतो. वैमानिक मर्दुमकी गाजवायला आतषबाजी करतात. शेजारी चिडतात, युद्धमंत्र्यांना चेव चढतो आणि अखेर जिंकायला कोणी उरत नाही.

परदेशासाठी केव्हिन मॅकअलीने इंग्रजी शब्द लिहिले. ती आवृत्ती १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये अव्वल ठरली. अमेरिकेने मात्र मूळ जर्मन गाणेच उचलले; बिलबोर्डच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर गेले. त्याच्या २० वर्षे आधी चित्र उलटे होते. इंग्रजी तबकड्या जर्मनीत खपणार नाहीत, या समजुतीपायी १९६४ मध्ये बीटल्सना पॅरिसच्या स्टुडिओत आपली दोन गाणी जर्मनमध्ये गावी लागली होती. श्रोत्याला भाषा कळलीच पाहिजे, हा आडाखा नेनाच्या गाण्याने खोटा पाडला.

इंग्रजी आवृत्ती वाईट नाही, पण तिच्यात गोंधळाची सुरुवात संगणकातल्या बिघाडापासून होते. मूळ गाण्यात कुठलेही यंत्र बिघडत नाही. माणसे संशय घेतात, माणसेच फुशारकी मारतात आणि माणसेच युद्ध ओढवून घेतात. शिवाय ही गोष्ट सांगणारी मुलगी त्या विभागलेल्या शहरातल्या लोकांच्या भाषेत बोलते, म्हणून तिच्या खेळकर सुरातही धास्ती जाणवते. जर्मन न कळणाऱ्यालाही ती ऐकू येते. मूळ गाणे इंग्रजीपेक्षा सरस आहे ते यामुळे: दोष कोणाचा, हे सांगताना ते कच खात नाही.