वन-ट्वेंटीचा रोल

1901 साली ईस्टमन कोडक कंपनीनं ‘नंबर टू ब्राउनी’ नावाचा कॅमेरा बाजारात आणला. अंग पुठ्ठ्याचं, वरून नकली चामडं, किंमत दोन डॉलर. पोराटोरांनीही फोटो काढावेत, हा त्यामागचा हिशेब. या स्वस्त खोक्यासाठी जो रोल तयार झाला, त्याला पुढं 120 हा क्रमांक मिळाला. हा आकडा कुठलंच माप सांगत नाही. कोडकनं आपल्या रोलना 101 पासून ओळीनं नंबर दिले, त्यात याच्या वाट्याला 120 आला, एवढंच. त्या यादीतले बहुतेक रोल केव्हाच इतिहासजमा झाले. 120 मात्र आजही कारखान्यांतून बाहेर पडतो. मधल्या काळात तो हौशी लोकांच्या खोक्यातून निघून स्टुडिओत, रणभूमीवर आणि दिल्लीच्या राजकीय समारंभांत जाऊन पोचला.

त्याची रचना अगदी साधी. जेमतेम सहा सेंटिमीटर रुंदीची फिल्म, तिच्या पाठीला काळा कागद, आणि दोन्ही मिळून एका रिळावर घट्ट गुंडाळलेले. ना डबी, ना दातेरी भोकं. कागदाचा शेंडा कॅमेऱ्यातल्या रिकाम्या रिळाच्या खाचेत अडकवायचा, झाकण लावायचं आणि चावी फिरवायची. कागदावर छापलेले आकडे कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लाल खिडकीतून दिसतात. ही युक्ती बोस्टनच्या सॅम्युएल टर्नर यांची, 1892 सालची. ईस्टमननं 1895 मध्ये त्यांची कंपनीच विकत घेतली. खिडकी लाल असण्याचं कारण रसायनात आहे. त्या काळच्या फिल्मला लाल उजेड ‘दिसत’ नसे, त्यामुळं खिडकीतून आत शिरलेल्या प्रकाशाचा धोका नव्हता. पुढं सर्व रंगांना प्रतिसाद देणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आली, तेव्हा त्याच खिडकीवर सरकतं झाकण बसवावं लागलं.

रोल संपला की सगळा कागद दुसऱ्या रिळावर जातो आणि शेवटी एक डिंकाची पट्टी उरते. तिला जीभ लावायची आणि रोल बंद करायचा. जगभरच्या फोटोग्राफरांनी त्या पट्टीची चव घेतली आहे.

या साधेपणानंच 120 ला तारलं. रोल भरायला खास यंत्रणा लागत नव्हती, म्हणून कुठलाही कॅमेरेवाला त्याच्याभोवती आपला कॅमेरा बांधू शकत होता. कोडकला हे फारसं रुचलं नसावं. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीनं 620 नावाचा रोल काढला. फिल्म तीच, कागद तोच, फक्त रीळ सडपातळ. कोडकचे नवे कॅमेरे आता हाच रोल मागू लागले. पण बाकीचे बहुतेक उत्पादक 120 वरच राहिले. 1995 मध्ये 620 बंद झाला. 1963 चं 126 काडतूस, 1972 चं इवलंसं 110, 1982 ची डिस्क फिल्म, ही कोडकची इतर अपत्यं त्याच्या पुढंमागं बाजूला पडली. कंपनीनं ग्राहक बांधून ठेवण्यासाठी जे जे काढलं ते गेलं, आणि सगळ्यांना खुलं होतं ते टिकलं.

120 ला प्रतिष्ठा मिळाली ती जर्मनीत. ब्राउनश्वाइग शहरात पाउल फ्रांके आणि राइनहोल्ड हायडेके यांनी 1920 मध्ये कारखाना काढला. दोघंही आधी फोइग्टलेंडर कंपनीत होते. 1929 साली त्यांचा रोलायफ्लेक्स कॅमेरा बाजारात आला. एकावर एक दोन भिंगं. वरच्यातून पाहायचं, खालच्यातून फोटो उमटायचा. गंमत म्हणजे पहिला रोलायफ्लेक्स 117 नंबरच्या रोलवर चालत होता आणि त्यात फक्त सहा फोटो निघत. 1932 च्या मॉडेलमध्ये 120 आला आणि बारा चौकोनी फोटो मिळू लागले. 1937 च्या ‘ऑटोमॅट’नं लाल खिडकी घालवली. रुळांमधून सरकणाऱ्या कागदाला फिल्म कुठं जोडली आहे, ते वाढलेल्या जाडीवरून कॅमेरा स्वतः ओळखू लागला.

फोटोची प्रत का सुधारली, हे साध्या गणितानं कळतं. 35 मिलिमीटरच्या फिल्मवरची चौकट 24 बाय 36 मिलिमीटर. 120 वरची चौकोनी चौकट 56 बाय 56. म्हणजे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त. तेवढाच मोठा फोटो छापायला निगेटिव्ह कमी ताणावी लागते, म्हणून दाणा बारीक राहतो आणि काळ्या-पांढऱ्यामधल्या करड्या छटा मऊ उतरतात.

पण रोलायफ्लेक्सनं फोटोच्या दर्जाइतकीच फोटो काढणाऱ्याची ढबही बदलली. कॅमेरा पोटाशी धरायचा, मान खाली घालून घासलेल्या काचेत पाहायचं. काचेतलं दृश्य डावं-उजवं उलट दिसतं, त्यामुळं धावणाऱ्या माणसाच्या मागं कॅमेरा फिरवताना नवखा हमखास फसतो. समोरच्याला मात्र डोळ्याला लावलेलं यंत्र दिसत नाही. शिकागोत मुलं सांभाळण्याची नोकरी करणाऱ्या व्हिव्हियन मायर यांनी 1950 च्या दशकापासून रस्त्यावरच्या माणसांचे फोटो असेच काढले. 2007 साली त्यांच्या पेट्या लिलावात निघेपर्यंत ते काम जगापुढं आलं नव्हतं. लाखाहून अधिक निगेटिव्ह निघाल्या, आणि कित्येक रोल तर धुतलेलेच नव्हते. दुसऱ्या महायुद्धात फोटोग्राफर ली मिलर यांच्या गळ्यातही रोलायफ्लेक्सच होता. फोटोग्राफर डायान आर्बस यांनी 1962 च्या सुमारास 35 मिलिमीटर सोडून मुद्दाम चौकोनी चौकट धरली, कारण त्यांना चेहऱ्यावरची कातडी स्पष्ट हवी होती.

भारतात या कॅमेऱ्याशी जोडलेलं पहिलं नाव होमाई व्यारावाला यांचं. नवसारीत जन्म, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिक्षण. सुरुवातीचे फोटो पती माणेकशॉ यांच्या नावानं छापून आले. 1942 मध्ये त्या दिल्लीला गेल्या आणि पुढं फाळणीच्या आसपासचं राजकारण, नेहरूंचा काळ, परदेशी पाहुण्यांचे दौरे असं सगळं त्यांच्या कॅमेऱ्यात आलं. साडी नेसलेली ही बाई कधी अवजड स्पीड ग्राफिक कॅमेरा, तर कधी रोलायफ्लेक्स घेऊन पुरुष फोटोग्राफरांच्या घोळक्यात उभी असे. 1970 मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. 2011 साली पद्मविभूषण मिळालं, पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

सामान्य घरांत 120 चा रोल आला तो ‘आग्फा क्लिक थ्री’मधून. बडोद्याची न्यू इंडिया इंडस्ट्रीज हा कॅमेरा बनवत असे. काळं प्लास्टिकचं अंग, आणि उजेडासाठी सूर्य आणि ढग अशी चित्रं. यापलीकडं फारसं काही हातात नव्हतं. सहल, मुंज, बारसं, तुळशीपाशी उभी केलेली भावंडं असे बारा फोटो. त्यातले दोन हलले तरी चालायचे. छपाई बहुधा निगेटिव्ह कागदाला थेट चिकटवूनच होई, त्यामुळं अल्बममधले फोटो पांढऱ्या किनारीचे आणि काडेपेटीएवढे. लग्नाच्या फोटोग्राफरकडं मात्र यशिका असे. 1970 ते 1986 या काळात निघालेल्या यशिका मॅट 124 जी या कॅमेऱ्यानं रोलायफ्लेक्स न परवडणाऱ्यांची मोठी सोय केली.

स्टुडिओवाल्यांना मोठी निगेटिव्ह आणखी एका कारणासाठी हवी असे. चेहऱ्यावरची सुरकुती किंवा मुरुमाचा डाग निगेटिव्हवर फिकट दिसतो. तिथं टोकदार शिसपेन्सिलीनं हलकेच दाणे भरले की छापलेल्या फोटोत तो डाग उजळून नाहीसा होतो. 35 मिलिमीटरच्या नखाएवढ्या चेहऱ्यावर ही कारागिरी करणं जवळजवळ अशक्य.

परदेशी फिल्म महाग आणि परकीय चलन कमी, म्हणून सरकारनं 1960 मध्ये उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापन केली. 1967 पासून ‘इंदू’ या नावानं तिचा माल येऊ लागला. पूर्व जर्मनीची ‘ओर्वो’ही दुकानात मिळे. रंगीत 35 मिलिमीटर आणि मिनिटांत फोटो छापणाऱ्या लॅब आल्यावर हा बाजार ओसरला. उटीचा कारखाना तोट्यात जाऊन अखेर बंद पडला.

120 मात्र गेला नाही. 2004 मध्ये आर्थिक संकटात सापडलेल्या इल्फर्डचं कृष्णधवल काम हार्मन टेक्नॉलॉजी या नव्या कंपनीनं उचललं आणि इंग्लंडमधल्या मॉबर्ली इथून एचपी 5 आणि एफपी 4 या फिल्म आजही निघतात. चेक प्रजासत्ताकातली फोमाही हा रोल बनवते. त्यामुळं माळ्यावर पडलेला क्लिक थ्री शटर चालू असेल तर आजही फोटो काढतो.

जुन्या अल्बमच्या पाकिटांत किंवा ट्रंकेच्या तळाशी अशा चौकोनी निगेटिव्ह असतील तर त्या आधी बाहेर काढा. पावसाळी दमटपणात त्यांना बुरशी लागते आणि एकमेकींना चिकटलेल्या निगेटिव्ह ओढल्या तर वरचा थर निघून येतो. सुक्या, स्वच्छ कागदाच्या पाकिटात एकेक वेगळी ठेवा आणि चांगल्या स्कॅनरवर उतरवून घ्या. अल्बममधल्या काडेपेटीएवढ्या फोटोत आजीच्या साडीचे काठ दिसत नसले, तरी निगेटिव्हमध्ये ते असण्याची शक्यता बरीच आहे.