गेमचं फाटक आणि गेटमन



मागच्या रविवारी झालं असं, की सातवीतला माझा भाचा जवळ आला आणि म्हणाला, "मामा, तुझ्या फोनवर एक ओटीपी येईल, तेवढा सांग ना." मी विचारलं, कशाचा? "गेमचा रे. पालकांची परवानगी मागतोय. मम्मी कामात आहे." मी क्रिकेट बघत होतो. सहा आकडे सांगून मोकळा झालो.

रात्री डोक्यात आलं, की आपण आज कायदेशीर पालक म्हणून सही केली आणि आपल्याला गेमचं नावसुद्धा माहीत नाही! म्हणून आजचा भाग. गेमवर वय लिहायची पद्धत आली कुठून आणि आपल्यापर्यंत येता येता तिचं काय झालं?

गोष्ट सुरू होते १९९३ मध्ये, अमेरिकेत. 'मॉर्टल कॉम्बॅट' हा रक्तबंबाळ मारामारीचा गेम त्या वर्षी घराघरातल्या टीव्हीवर पोचला. पालक हादरले. डिसेंबरमध्ये सिनेटर जो लीबरमन आणि हर्ब कोल यांनी सुनावणी घेतली. सरकार कायदा करेल या धास्तीने कंपन्यांनीच १९९४ मध्ये 'ईएसआरबी' हे मंडळ काढलं आणि गेमच्या खोक्यावर वयाचा शिक्का छापायला सुरुवात केली. युरोपात २००३ मध्ये 'पेगी' आलं. ब्रिटनने पुढे, २०१२ मध्ये, त्याला कायद्याचा आधार दिला. तिथे १२, १६ किंवा १८ चा शिक्का असलेला गेम त्याहून लहान मुलाला विकला, तर दुकानदार गुन्हेगार ठरतो.

म्हणजे शिक्का खोक्यावर आणि राखणदार दुकानात.

आता आपल्याकडे या. २००४ च्या सुमारास मी हडपसरच्या एका सायबर कॅफेत 'व्हाइस सिटी' खेळायचो. तासाला २० रुपये. अमेरिकेत त्या गेमवर १७+ असा शिक्का होता, हे मला कळलं नोकरीला लागल्यावर! कारण आमच्याकडे यायची ती मार्करने नाव लिहिलेली कॉपी सीडी. खोकाच नाही, तर शिक्का कुठून दिसणार? आमच्या आईवडिलांना वाटायचं, पोरगं कॉम्प्युटर शिकतंय.

आणि असं नाही हं, की वयाची अट ही कल्पना आपल्याला नवीन होती. सिनेमाला 'ए' आणि 'यू' ही प्रमाणपत्रं १९४९ च्या दुरुस्तीने आली, 'यूए' आलं १९८३ मध्ये. २०२३ मध्ये त्या 'यूए'चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. यातली मेख ऐका. 'ए' सिनेमाला लहान मुलाला आत सोडलं, तर कायदा थिएटरवाल्याला धरतो. त्यामुळे दारावरचा माणूस मिसरूड बघून अडवायचा. 'यूए'मध्ये मात्र निर्णय आईबापांचा.

मांजरीचं रेल्वे फाटक ज्यांनी अनुभवलंय, त्यांना हे लगेच कळेल. नुसता दांडा उभारून भागत नाही, तो खाली घेणारा गेटमन लागतो. गेमच्या बाबतीत आपल्याकडे सेन्सॉर बोर्डासारखं मंडळच नाही. प्ले स्टोअरवर गेमखाली ३+, ७+, १२+, १६+, १८+ असे आकडे दिसतात, ते एका आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतून येतात. कंपनीने प्रश्नावली भरायची आणि त्यावरून आकडा निघतो. दांडा आहे. गेटमन कोण? तर आपण.

महाराष्ट्रात हा प्रश्न कोर्टातही गेला. २०१९ मध्ये ११ वर्षांच्या एका मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली, की पबजीवर बंदी घाला. म्हणजे फाटक मागायला पोरगंच गेलं! पुढे २ सप्टेंबर २०२० ला पबजी बंद झाला खरा, पण कारण होतं देशाची सुरक्षा आणि डेटा. मुलांचं वय त्यात कुठेच नव्हतं. २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय नावाने परतला, तेव्हा १८ च्या आतल्यांसाठी अटी घेऊन आला: पालकांची संमती, दिवसाला ३ तास, खर्च ७ हजारांपर्यंत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही १८ खालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती मागितली आहे.

कागदावर सगळं बरोबर. पण मध्ये एक गोष्ट घडून गेली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ऑनलाइन वर्गासाठी घरोघरी मुलांच्या हातात फोन आले. खातं कोणी उघडलं? पोरांनी. जन्मसाल कोणाचं टाकलं? बापाचं. आज कित्येक घरांत आईला ओटीपी कुठे येतो, हे मूलच दाखवतं. जिच्याकडून आपण राखणदारीची अपेक्षा करतो, तिला फाटकाचा दांडा कसा फिरवायचा, हे कोणी शिकवलेलंच नाही. अशा वेळी 'आईबापांचं लक्ष नाही' म्हणणं सोपं आहे, पण ते अर्धंच खरं आहे.

आणि उरलेलं अर्धं? ते माझं. मला सगळं कळत होतं, तरी मी आकडे सांगितले.

सोमवारी मी ताईकडे गेलो आणि कबूल केलं. भाचा फुगला, "मामा, तू फितूर झालास" म्हणाला. मग तिघांनी बसून गेमचं पान उघडलं. १६+ लिहिलं होतं. फोनमध्ये त्याचं वय निघालं ४१, म्हणजे दाजींचं! खातं नव्याने, खऱ्या वयाचं केलं आणि फॅमिली लिंक ताईच्या फोनवर टाकलं, पासवर्ड तिनेच ठेवला. तो गेम गेला. दुसरा कुठला चालेल, यावर अजून वाद चालू आहे, पण आता त्या वादात ताई आहे.

तुमच्या घरी धाकटा भाऊ, बहीण, भाचरं असतील, तर आज त्यांच्या फोनमधलं जन्मसाल बघा. काय निघालं, ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!