१ जूनचे सुनील पवार

सुनील पवार, जन्मतारीख १ जून. पिंपरी-चिंचवडमधल्या एखाद्या वाचनालयाच्या संगणकात अशी तीन खाती निघाली, तर ती माणसं किती? एक, दोन की तीन?

प्रश्न संगणकाचा वाटतो, पण मूळ शाळेच्या दाखल्यात आहे. खेड्यात मूल शाळेत घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. (तुमच्या काकांची तारीख बघा.) १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मग एमआयडीसी आली, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, पुढे कारखाने चाकणपर्यंत पसरले. मराठवाड्यातून, खान्देशातून माणसं आली ती हेच दाखले घेऊन. कंत्राट बदललं की खोली बदलली, जुनं कार्ड हरवलं, नवं काढलं. लग्न होऊन आलेल्या बाईचं तर आडनावच बदललेलं, कधी नावही.

रजिस्टर होतं तोवर ग्रंथपाल चेहऱ्यावरून ओळखत. संगणकाला अक्षरंच दिसतात, तीही बहुधा रोमन. अमेरिकेत १९१८ मध्ये रॉबर्ट रसेल यांनी उच्चारावरून नावं जुळवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. तीच पुढे साउंडेक्स झाली. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना आकडे द्यायचे. तिच्यात डब्ल्यूचा वाघ आणि व्हीचा वाघ निराळे ठरतात. पवार आणि पोरे मात्र एकच! आपली आडनावं तिच्या हिशेबात नव्हतीच.

न्यूझीलंडमध्ये १९९९ साली घडलेली आणि भारतातही बरीच ग्रंथालयं वापरतात ती मोफत प्रणाली म्हणजे कोहा. नवा सभासद नोंदवताना ती आडनाव, नाव आणि जन्मतारीख ताडून बघते. म्हणजे दोन खऱ्या सुनील पवारांवर संशय, आणि दुसऱ्यांदा आलेल्या व्हीवाल्या वाघाला मोकळं रान.

खाती एकत्र करायची सोयही तिच्यात आहे, आणि भीती तिथेच आहे. जादा खातं राहिलं तर फार तर एखादं पुस्तक जास्त जाईल. पण दोन माणसांचं एक केलं, की एकाचा दंड दुसऱ्याच्या माथी, आणि शिफ्ट संपवून आलेल्याला काउंटरवर कळतं की आपण सभासदच नाही.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचंही नाव घालायचं, असं राज्य सरकारने २०२४ मध्ये ठरवलं. पवारांची नातवंडं त्यामुळे सहज वेगळी ओळखू येतील. आजोबांना मात्र काउंटरवर अजून विचारावंच लागतं: गाव कोणतं?