जुन्या ट्रॅक सायकलींचे पुनरुज्जीवन आणि बदली चिमट्याची निवड : एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : ट्रॅक सायकल, चिमटा, आटे, पुनरुज्जीवन, अस्सलता, यांत्रिक वारसा

प्रस्तावना :

इतिहासाची साधने म्हणून कागदपत्रे, नाणी, शिलालेख व वास्तू यांचा विचार दीर्घकाळ होत आला आहे. त्या तुलनेने सामान्य माणसाच्या वापरातील यंत्रांकडे अभ्यासकांचे लक्ष उशिरा वळले. सायकल हे अशा यंत्रांपैकी एक महत्त्वाचे यंत्र होय. इंग्लंडमध्ये १९५५ साली जुन्या सायकलींच्या जतनासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले आणि तेव्हापासून या क्षेत्रात ज्ञानाचा मोठा साठा निर्माण झाला. या जतनकार्यात वारंवार उद्भवणारी समस्या म्हणजे पुढील चिमटा, अर्थात फोर्क, मूळचा नसणे. फ्रेम उपलब्ध असते, पण तिचा चिमटा वाकलेला, बदललेला किंवा हरवलेला असतो. प्रस्तुत शोधनिबंधात १९३० ते १९६० या काळातील ब्रिटिश ट्रॅक सायकलींच्या संदर्भात या समस्येचा विचार केला आहे.

उद्दिष्टे :

१. मूळ चिमटे नष्ट होण्याची ऐतिहासिक कारणे शोधणे.
२. बदली चिमट्याच्या निवडीतील तांत्रिक निकषांचा अभ्यास करणे.
३. अस्सलता आणि सुरक्षितता यांतील संबंध स्पष्ट करणे.

ट्रॅक सायकलीचे स्वरूप :

ट्रॅक सायकल ही बंदिस्त, उतरत्या कडांच्या धावपट्टीवरील शर्यतीसाठी घडवलेली सायकल होय. तिला एकच गिअर असतो, मागील चाक पेडलशी कायम जोडलेले असते आणि शर्यतीत ब्रेक वापरला जात नाही. लंडनमधील हर्न हिल येथील धावपट्टी १८९१ मध्ये सुरू झाली व १९४८ च्या ऑलिंपिकमधील ट्रॅक शर्यती तेथेच झाल्या. त्या स्पर्धेत रेग हॅरिस या ब्रिटिश सायकलपटूने दोन रौप्यपदके मिळवली. या काळात बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीची १९३५ मध्ये बाजारात आलेली '५३१' ही मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी दर्जेदार सायकलींसाठी वापरली जाऊ लागली होती. ट्रॅक सायकलीच्या चिमट्याच्या भुजा बहुधा गोल छेदाच्या असत, कारण जोरदार धावेच्या वेळी बाजूने येणारा ताण त्या अधिक चांगला सहन करतात. रस्त्यावरील सायकलींना लंबगोल छेदाच्या भुजा वापरल्या जात.

मूळ चिमटे नष्ट होण्याची कारणे :

समोरून धडक बसली की पहिला आघात चिमट्यावर येतो. म्हणूनच फ्रेमच्या मानाने चिमट्याचे आयुष्य कमी ठरते. दुसरे कारण सामाजिक स्वरूपाचे आहे. त्या काळातील बहुतेक ब्रिटिश हौशी सायकलपटू श्रमिक व निम्नमध्यम वर्गातील होते. दोन सायकली बाळगणे अनेकांना परवडत नसे. त्यामुळे रस्ता आणि ट्रॅक या दोन्हींसाठी चालणाऱ्या सायकली घडवल्या गेल्या. शर्यतीची हलकी चाके पुढील आसाला जोडलेल्या आधारावर बांधून सायकलपटू घरून धावपट्टीपर्यंत सायकल चालवत जात. रस्त्यावर लागणारा ब्रेक काही जण पट्टीने भुजांना अडकवत, तर काहींच्या चिमट्याला ब्रेकसाठी मुळातच छिद्र असे. शर्यतीचे दिवस संपल्यावर कित्येक ट्रॅक सायकली कामावर जाण्यासाठी वापरल्या गेल्या आणि त्यांचे चिमटे नंतर भोकले वा बदलले गेले.

या माहितीचा निवडीशी थेट संबंध आहे. 'छिद्र नसलेला चिमटाच अस्सल' ही संग्राहकांमधील प्रचलित समजूत सर्वत्र लागू पडत नाही. फ्रेमवर मडगार्डसाठी मूळची सोय असेल, तर छिद्र असलेला चिमटाच त्या सायकलीच्या इतिहासाशी सुसंगत ठरू शकतो. फ्रेमचा पुरावा आधी वाचावा व चिमटा नंतर शोधावा, हा क्रम म्हणूनच आवश्यक आहे. अनेक ब्रिटिश कारागीर फ्रेमचा क्रमांक चिमट्याच्या दांडीवरही ठोकत असत. हे दोन क्रमांक जुळणे हा मूळ चिमट्याचा सबळ पुरावा होय.

निवडीचे तांत्रिक निकष :

चिमट्याची दांडी फ्रेमच्या पुढील उभ्या नळीतून वर येते आणि वरच्या टोकाच्या आट्यांवर कप व नट बसतात. हे आटे देशपरत्वे वेगळे होते. ब्रिटिश पद्धतीत दांडीचा व्यास १ इंच आणि आटे इंचाला २४ असत, परंतु रॅले कंपनीने २६ आट्यांची स्वतंत्र पद्धत ठेवली होती. फ्रेंच दांडी २५ मि.मी. व्यासाची असून तिच्या दोन आट्यांतील अंतर १ मि.मी. असे. डोळ्यांना हे भेद जाणवत नाहीत, पण चुकीचा नट थोडा फिरून अडकतो आणि जबरदस्ती केल्यास आटे कापले जातात. एका अर्थाने राष्ट्रीय उद्योगांची परस्परांपासूनची अलिप्तता या आट्यांमध्ये नोंदली गेली आहे.

चिमट्याच्या खांद्यावर जेथे खालची कडी बसते, तेथील व्यासही महत्त्वाचा आहे. इटालियन पद्धतीत तो २६.४ मि.मी., तर जपानी पद्धतीत २७.० मि.मी. असतो. जपानमध्ये १९४८ पासून चालणाऱ्या केरिन शर्यतींतील चिमटे आज बदली म्हणून घेतले जातात, तेव्हा हा फरक अडचणीचा ठरतो. मोठी बैठक घासून लहान करता येते, लहान बैठक मात्र सहज मोठी करता येत नाही. दांडी लांब असल्यास वरून कापता येते, परंतु कापल्यावर पुरेसे आटे शिल्लक राहिले पाहिजेत. नवीन आटे फार खोलवर पाडल्यास हँडलची दांडी आतून फुगून घट्ट बसते नेमक्या त्याच जागी नळी कमकुवत होते. चाकाच्या बाबतीतही काळानुसार फरक आढळतो. अनेक जुन्या ब्रिटिश पुढील हबची रुंदी सुमारे ९१ मि.मी. होती, आजची प्रचलित रुंदी १०० मि.मी. आहे.

मापे जुळली तरी सायकलीची चाल जुळेलच असे नाही. सुकाणूचा अक्ष जमिनीपर्यंत वाढवल्यास तो चाकाच्या स्पर्शबिंदूच्या पुढे पडतो. या अंतराला ट्रेल म्हणतात आणि सायकलीची स्थिरता बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असते. नळीचा कोन ७३ अंश व चाकाची त्रिज्या ३३४ मि.मी. धरल्यास, ४० मि.मी. झुकावाच्या चिमट्याने ट्रेल सुमारे ६० मि.मी. येतो, तर ६० मि.मी. झुकावाने तो सुमारे ३९ मि.मी. इतकाच राहतो. तसेच चिमट्याची उंची १० मि.मी.ने वाढली तर नळीचा कोन अर्ध्या अंशाहून अधिक बदलतो. अशी सायकल दिसायला जुनी असली तरी तिची चाल मूळची राहत नाही.

अस्सलता आणि सुरक्षितता :

चिमटा तुटल्यास स्वाराला सावरण्याची संधी क्वचितच मिळते. जुन्या चिमट्याच्या खांद्यापाशी किंवा दांडीत बारीक तडे असू शकतात आणि नवा रंग वा मुलामा त्यांना झाकून टाकतो. त्यामुळे रंग काढून, आतील गंज पाहून आणि तडे दाखवणाऱ्या रंगद्रव्याने तपासणी करूनच जुना चिमटा वापरणे योग्य ठरते. केवळ प्रदर्शनात ठेवायच्या सायकलीला हा निकष शिथिल करता येईल, चालवायच्या सायकलीला नाही.

वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये तयार झालेल्या व्हेनिस सनदेतील दोन तत्त्वे येथे मार्गदर्शक ठरतात. तर्काला जेथे सुरुवात होते तेथे पुनरुज्जीवन थांबावे, हे पहिले तत्त्व. हरवलेल्या भागाच्या जागी बसवलेला भाग एकूण रचनेशी सुसंवादी असावा, पण तो मूळचा नाही हे ओळखता यावे, हे दुसरे. या तत्त्वांनुसार, जुना परंतु परका चिमटा बसवण्यासाठी फ्रेमची नळी घासणे किंवा कापणे समर्थनीय ठरत नाही. चिमटा पुन्हा बदलता येतो, फ्रेमवरील मूळ पुरावा एकदा पुसला गेला की परत येत नाही. अशा वेळी कुशल कारागिराकडून योग्य मापाचा नवा चिमटा घडवून त्याच्या दांडीवर निर्मितीचे वर्ष कोरणे अधिक प्रामाणिक होय. बनावट क्रमांक ठोकून तो मूळचा भासवणे म्हणजे मात्र खोटा दस्तऐवज तयार करणे होय.

निष्कर्ष :

१. मूळ चिमटा नसणे हाही त्या सायकलीच्या सामाजिक इतिहासाचा भाग आहे, त्यामुळे त्याची नोंद ठेवावी.
२. आटे, बैठक, दांडीची लांबी, हबची रुंदी, झुकाव व उंची ही मापे फ्रेमवरून निश्चित केल्यानंतरच चिमट्याचा शोध घ्यावा.
३. दुरुस्त करता येणारा मूळ चिमटा, त्याच कारागिराचा समकालीन चिमटा, अन्य समकालीन चिमटा आणि नव्याने घडवलेला चिमटा असा पसंतीक्रम असावा, मात्र सुरक्षिततेच्या कसोटीतून कोणालाही सूट नसावी.
४. जुळवणी करताना बदल चिमट्यात करावा, फ्रेममध्ये करू नये.

जुन्या यंत्राचे पुनरुज्जीवन हे इतिहासलेखनासारखेच काम आहे. पुराव्यातील रिकामी जागा भरावी लागते, परंतु ती कोणी, केव्हा व कशाच्या आधारे भरली हे पुढील अभ्यासकाला स्पष्ट दिसले पाहिजे.